कुठल्या तोंडाने जाऊ?

प्रिय बेटा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र सावकाश वाचलं. त्यातलं एक वाक्य मनातून जात नाही: "पुन्हा तेच पाप घडलं, आता कुठल्या तोंडाने देवापुढे जाऊ?" उपासनेला तू जातोस, सगळ्यांबरोबर गीतंही म्हणतोस, पण एकट्याने प्रार्थनेला बसणं सोडलंयस. थोडे दिवस नीट वागून दाखवायचं आणि मग जायचं, असं ठरवलंयस. पापाचं नाव तू लिहिलं नाहीस. मला ते कळायची गरजही नाही.

या थांबण्याला तू नम्रता समजतोयस, पण त्याच्या मुळाशी एक हिशेब आहे. चार दिवस चांगलं वागलो की देवाच्या दारात उभं राहायचा हक्क मिळतो, असा तो हिशेब. तो खरा असता तर ख्रिस्ताला मरायची गरजच नव्हती. प्रेषित पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात नेमकं हेच सांगितलं होतं.

तुझी भीती मात्र मी खोटी म्हणणार नाही. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचा सोळावा अध्याय काढून बघ. अहरोनाचे दोन मुलगे परमेश्वरासमोर गेले आणि मेले, त्यानंतरचा तो अध्याय आहे. अहरोन प्रमुख याजक, पण त्यालाही बजावलंय की पडद्याच्या आत, म्हणजे परमपवित्रस्थानात, मन मानेल तेव्हा यायचं नाही, आलास तर मरशील. वर्षातला एकच दिवस, प्रायश्चित्ताचा. त्या दिवशी त्याने आधी स्नान करायचं, तागाची साधी वस्त्रं घालायची. स्वतःच्या आणि घरच्यांच्या पापांसाठी गोऱ्हा कापायचा, कारण लोकांच्या वतीने आत जाणाराही पापीच. मग धुपाटण्यात वेदीवरचे निखारे आणि मुठी भरून धूप घेऊन आत जायचं. धुराने दयासन, म्हणजे कराराच्या कोशावरचं झाकण, झाकलं पाहिजे, नाहीतर मरण. त्यानंतर बोटाने सात वेळा रक्त शिंपडायचं. पुढे लोकांसाठी बकरा, पुन्हा आत, पुन्हा रक्त. आणि पुढच्या वर्षी हे सगळं नव्याने.

हा अध्याय घाईने वाचू नकोस. देव पवित्र आहे म्हणजे काय, ते इथे कळतं. तुला वाटणारी धास्ती अहरोनाला तुझ्याहून जास्त वाटली असेल.

आता नव्या करारातलं इब्री लोकांस लिहिलेलं पत्र घे. ते ज्यांना लिहिलं त्यांना हा विधी चांगला ठाऊक होता. विश्वासापायी त्यांची मालमत्ता लुटली गेली होती, हातपाय गळाले होते, काहींनी एकत्र जमणंही सोडलं होतं. अशा लोकांना तो लेखक म्हणतो: "तर मग आपल्यावर दया व्हावी आणि ऐनवेळी साहाय्यासाठी कृपा मिळावी म्हणून आपण धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ जाऊ." ज्या ठिकाणी प्रमुख याजक धुराच्या आडून जायचा, तिथे आता थकलेल्या, डळमळीत माणसांना बोलावणं आहे. आणि कशासाठी, तेही नीट बघ: दया मिळावी म्हणून. दया लागते ती चुकलेल्याला. तू ज्या कारणासाठी दूर थांबलायस, त्याच कारणासाठी तुला बोलावलंय.

हे धैर्य त्या लोकांच्या वागण्यातून येत नव्हतं. लेखक आधी सांगतो की आपला प्रमुख याजक आपल्या दुर्बलतेबद्दल सहानुभूती असलेला आहे, आपल्यासारखाच पारखला गेलेला आहे, पण निष्पाप आहे. त्याला स्वतःसाठी गोऱ्हा लागला नाही. त्याने स्वतःलाच अर्पण केलं, एकदाच. तो वधस्तंभावर मेला तेव्हा मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असं मत्तय आणि मार्क दोघेही आपापल्या शुभवर्तमानात सांगतात. वरून फाटला, माणसाचा हात तिथे पोचला नव्हता. तोच ख्रिस्त आज आपल्यासाठी मध्यस्थी करायला जिवंत आहे. तुझा कालचा दिवस वाईट गेला म्हणून त्याची मध्यस्थी कमी पडत नाही आणि उद्याचा चांगला गेला म्हणून ती वाढतही नाही.

"पण मला धीरच वाटत नाही," असं तू म्हणशील. न वाटू दे. मार्काच्या पाचव्या अध्यायातली ती बाई आठव. बारा वर्षं रक्तस्राव, वैद्यांच्या हातून सोसलेले हाल, होतं नव्हतं ते सगळं खर्चून बसलेली. नियमशास्त्राप्रमाणे ती अशुद्ध. ज्याला शिवेल तोही अशुद्ध. तरी ती गर्दीत शिरली, पाठीमागून आली आणि येशूच्या वस्त्राला शिवली. समोर यायची तिची छाती झाली नाही. येशू थांबला, कोण शिवलं म्हणून सभोवार पाहू लागला, तेव्हा ती भीत भीत, थरथर कापत पुढे आली, पाया पडली आणि सगळं खरं सांगून टाकलं. तो तिला "मुली" म्हणाला. तिच्या विश्वासाने तिला बरं केलं, असं म्हणाला. कापणाऱ्या अंगाने आलेली बाई ती, आणि तिच्याच विश्वासाचं नाव त्याने सगळ्या गर्दीसमोर घेतलं. देवाजवळ जायचं धैर्य असं दिसतं. अंगातला कंप थांबायची वाट बघत बसलास तर कधीच जाणार नाहीस.

एक मात्र बजावून सांगते, कारण दुसऱ्या टोकाला जाणारेही मी पुष्कळ पाहिलेत. धैर्य म्हणजे देवाला हुकूम सोडणं नव्हे. 'विश्वासाने मागितलं, आता द्यायलाच हवं' या भाषेची मला खरोखर चीड येते. इब्रीचाच लेखक पुढे लिहितो की आपला देव भस्म करणारा अग्नी आहे, म्हणून त्याची सेवा आदराने आणि भयाने करावी. लेकराने बापाच्या मांडीवर हक्काने बसावं, पण बाप तो बापच. धरला जाण्याआधी गेथशेमानेत येशूने "अब्बा, बापा" म्हणून हाक मारली, दुःखाचा हा प्याला दूर कर असं स्पष्ट मागितलं आणि तरी तुझ्याच इच्छेप्रमाणे होऊ दे म्हणाला. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढं उत्तर मिळालं. दोघांनी मोकळेपणाने मागितलं, दोघांना मागितलेलं मिळालं नाही, आणि त्यांपैकी कुणीही बापाकडे पाठ फिरवली नाही.

मग आज रात्री काय करायचं? दार लावून बस. शब्द सुचत नसतील तर दृष्टांतातल्या त्या जकातदाराचे घे: "हे देवा, मज पाप्यावर दया कर." तो दूर उभा होता, वर बघायलाही धजत नव्हता, आणि नीतिमान ठरून घरी गेला तो तोच. नंतर पापाचं नाव घे. 'काही चुकलं असेल तर क्षमा कर' असं गोलमोल बोलू नकोस. जे घडलं ते, जसं घडलं तसं सांग. एक्कावन्नावं स्तोत्र शेजारी उघडं ठेव. दावीद तिथे एकही सबब सांगत नाही. मन अगदीच कोरडं पडलं असेल तर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाच. ते अंधारातच संपतं, आणि तरी ती प्रार्थनाच आहे.

या पापात दुसऱ्या कुणाला दुखावलं असशील तर त्याच्याकडेही जावं लागेल. अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट कर, असं प्रभूनेच सांगितलंय. देवाने क्षमा केली म्हणजे माणसाचं देणं फिटलं असं होत नाही. आणि हेच पाप वारंवार तुला पाडत असेल तर एकट्याने झुंजू नकोस. तुमच्या पाळकांशी बोल, किंवा मंडळीतल्या ज्या वडीलधाऱ्या माणसाच्या पोटात गोष्ट राहते त्याच्याशी. याकोब सांगतो ना, एकमेकांजवळ पापं कबूल करा, एकमेकांसाठी प्रार्थना करा.

उद्या पुन्हा पडलास तर उद्याच पुन्हा जा. आठवडाभर थांबू नकोस.

मी तुझं नाव रोज घेते आहे.

तुझी,
मावशी