आधी सायलेन्सरात डोकवा, मग सेल्फ मारा

प्रश्न : काका, वडिलांच्या वेळचा तीन सिलिंडरचा डिझेल ट्रॅक्टर आहे. हिवाळ्याचे चार महिने उघड्या पडवीत उभा होता, वरून फक्त ताडपत्री, बाकी काहीच केलं नव्हतं. परवा किल्ली फिरवली तर सेल्फ नुसता टक् टक् वाजतोय. सगळे म्हणतात दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून ओढ, धक्क्यावर होईल चालू. ओढू का?

उत्तर : नका ओढू. खरं सांगू का, बॅटरी उतरली हे तुमचं नशीबच समजा, कारण चार महिने उभं राहून इंजिनाचं जेवढं बिघडत नाही तेवढं आपण पहिल्या पाच मिनिटांत बिघडवतो.

तुमचा सायलेन्सर उभा आहे ना? त्याच्या तोंडावर डबा पालथा घातला होता का ते पत्रात लिहिलेलं नाही, म्हणजे बहुतेक नव्हता. पावसाचं, दवाचं, बर्फाचं पाणी त्या नळीतून सरळ मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या जोडनळीत उतरतं आणि ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असेल त्यातून पिस्टनच्या डोक्यावर जाऊन बसतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. अशा इंजिनाला गिअरमध्ये टाकून ओढलं की पिस्टन वर येताना पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, मग सगळं इंजिन खोलायला निघालं.

म्हणून आधी स्टॉपर, म्हणजे डिझेल तोडून इंजिन बंद करायची दांडी, ओढून ठेवा आणि पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवा, सावकाश, पूर्ण दोन फेरे. दोनच का, तर फोर स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत सगळे सिलिंडर एकदा कॉम्प्रेशनवरून, म्हणजे हवा दाबायच्या टप्प्यातून जातात. कॉम्प्रेशनला जड लागतं पण हळूहळू सुटतं, ते ठीक. पण एका जागी भिंतीला टेकल्यासारखं ठप्प थांबलं तर जोर लावू नका, नोझल (सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या तोट्या) काढा आणि मग फिरवा, पाणी असेल तर पिचकारी उडेल, तोंड लांब ठेवा. पाणी निघालं तर गंजही असू शकतो, सिलिंडरात थोडं इंजिन ऑइल सोडून एक रात्र जाऊ द्या, आणि नोझल परत बसवायच्या आधी ते ऑइलही असंच फिरवून बाहेर काढा.

मग ऑइलची पट्टी. लेव्हल कमी असली तर समजतं, पण जास्त झाली असेल तर लोक खूश होतात! अहो, उभ्या ट्रॅक्टरचं ऑइल वाढेल कसं? पाणी किंवा डिझेल आत उतरलंय. रंग दुधाळ दिसला किंवा डिझेलचा वास आला तर ते ऑइल काढूनच टाका. दिसायला ठीक असेल तरी खालचा ड्रेन बोल्ट अर्धा फेरा सैल करून बघा, पाणी जड असल्यामुळे तळाला बसतं आणि आधी तेच येतं.

आता बॅटरी. मीटर लावा. १२.६ च्या वर व्होल्ट म्हणजे भरलेली, १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. रिकामी बॅटरी कडक थंडीत आतून गोठते, कारण ॲसिड पातळ झालेलं असतं, भरलेली सहसा गोठत नाही. कड फुगलेली किंवा तडकलेली दिसली तर चार्जिंगला लावूच नका. बाकी ठीक असेल तर प्लेटा बुडतील इतपत डिस्टिल्ड वॉटर घाला, वरपर्यंत भरायचं ते चार्ज झाल्यावर. चार्जिंग हळू करा, जवळ बिडी-काडी नको, गॅस निघतो. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाणी आणि खायच्या सोड्याने निघते. काढताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी.

रेडिएटरमध्ये साधं पाणी राहिलं होतं का? आणि थंडी शून्याखाली गेली होती का? दोन्ही हो असेल तर ब्लॉकच्या बाजूला ज्या गोल पत्र्याच्या चकत्या ठोकलेल्या असतात त्या बाहेर आल्यात का बघा, ब्लॉकला चीर शोधा. यापुढे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं घाला, शून्याखाली ३५ डिग्रीपर्यंत गोठत नाही, वर गंजही थांबतो.

एअर क्लीनर खोलल्याशिवाय चालू करायचं नाही. उंदरांची सगळ्यात आवडती जागा. जुन्या ट्रॅक्टरला खाली ऑइलची वाटी असते, तिचा गाळ काढून नवं ऑइल खुणेपर्यंतच भरा. मी नवशिका असताना खुणेच्या वर भरलं होतं, जास्त म्हणजे चांगलंच असं वाटून, आणि इंजिनाने ते ऑइल ओढून घेतलं आणि आपोआप रेस व्हायला लागलं, स्टॉपर ओढला तरी थांबेना, कारण ते डिझेलवर चालतच नव्हतं. शेवटी हवेच्या तोंडावर फळी दाबून धरली तेव्हा थांबलं. पाय दिवसभर कापत होते.

एवढं झालं की स्टॉपर ओढलेला ठेवून सेल्फ दहा सेकंद, मग मिनिटभर थांबा, परत दहा सेकंद. ऑइल प्रेशरचा काटा हलला किंवा लाल दिवा गेला की बेअरिंगला ऑइल पोचलं. आता स्टॉपर आत ढकला, गिअर न्यूट्रल बघा आणि सीटवर बसूनच चालू करा. खाली उभं राहून सेल्फवर स्क्रू ड्रायव्हर टेकवायची सवय असेल तर आजपासून सोडा, ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असला तर मागचं चाक अंगावरून जातं, आणि असे जीव गेलेले आहेत. सुरुवातीला पांढरा धूर येईल, गरम झाल्यावर थांबला पाहिजे. पंधरा मिनिटं सावकाश चालवा, मग बंद करून ऑइल आणि फिल्टर बदला. ग्रीस, टायरची हवा, फॅन बेल्ट ही कामं तुम्हाला येतातच.

प्रश्न : दादा, इंजिन मस्त चालू झालं पण क्लच पूर्ण दाबूनही गिअर पडत नाही, कर्र कर्र आवाज येतो. महिनाभरापूर्वी उभा केला तेव्हा ठीक होता.

उत्तर : आधी पेडलची खालची दांडी-पिन सुटली नाही ना ते बघा. ती ठीक असेल तर क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली. घाबरू नका, बहुतेक वेळा खोलावं लागत नाही. इंजिन अर्धा तास चालवून गरम करा, बंद करा, मोकळ्या सपाट शेतात पुढे कोणी नाही असं बघून वरचा गिअर टाका, पीटीओ (अवजारं फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद, दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडणारी कडी लावलेली, क्लच पूर्ण दाबलेला, आणि मग सेल्फ मारा. ट्रॅक्टर लगेच चालायला लागेल हे धरूनच बसा, एक हात स्टॉपरवर. चालता चालता क्लच दाबूनच ब्रेकला झटके द्या, कट् आवाज होऊन प्लेट सुटते. चार-पाच वेळा करून नाही सुटली तर हट्ट सोडा, मेकॅनिक बोलवा. पुढच्या खेपेला उभा करताना क्लच दाबून पेडलला लाकडाचा ठोकळा अडकवा.

प्रश्न : चालू होतो आणि दोन मिनिटांत बंद पडतो. फिल्टर काढला तर आत काळा चिकट गाळ. टाकी अर्धी होती.

उत्तर : अर्धी होती तिथेच चुकलं. मोकळ्या जागेतली ओल टाकीच्या पत्र्यावर धरते, पाणी खाली बसतं आणि पाणी-डिझेलच्या मधल्या थरात जंतू वाढतात, तो काळा गाळ म्हणजे तेच. नुसता फिल्टर बदलून चार दिवस निघतील. टाकी पूर्ण रिकामी करून धुवा, काचेची वाटी आणि जाळी साफ करा, नवे फिल्टर, ताजं डिझेल. मग डिझेलच्या नळ्यांत अडकलेली एअर काढायची: फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारा, बुडबुडे थांबले की घट्ट, मग डिझेल पंपाचा स्क्रू तसाच, शेवटी नोझलच्या पाइपांचे नट सैल करून सेल्फ. हातपंपाची दांडी सैल लागत असेल तर पंप खराब नाही, त्याला ढकलणारा इंजिनातला कॅम अडलाय, इंजिन थोडं फिरवा. नोझलच्या धारेसमोर बोट कधीच धरू नका, ती कातडीच्या आत घुसते, जखम टाचणीएवढी दिसली तरी सरळ हॉस्पिटल.

प्रश्न : थंडीत चालू होत नाही म्हणून इथरचा स्प्रे मारला तर चालेल का?

उत्तर : तुमच्या इंजिनाला हवा तापवणारा हीटर किंवा ग्लो प्लग असेल तर अजिबात नाही, तापलेल्या हीटरवर तो तिथेच पेटतो आणि पिस्टनला तडा जाऊ शकतो. हीटर चालतोय का तेच आधी तपासा, बऱ्याचदा त्याची वायर उंदराने खाल्लेली असते.