झेब्राफिशच्या मेंदूत नव्या चेतापेशी येतात कुठून?

तुमचे प्रश्न दोन आहेत: इजेनंतर झेब्राफिशच्या उरलेल्या चेतापेशी विभागून जागा भरतात का, आणि आपल्या मेंदूत हे का होत नाही. पहिल्याचं उत्तर सरळ आहे: नाही. एकदा तयार झालेली चेतापेशी माशातही विभागत नाही. नव्या चेतापेशी जन्मतात त्या रेडियल ग्लिया नावाच्या, मूळपेशींसारखं काम करणाऱ्या पेशींपासून.

या पेशींचं मुख्य अंग मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीलगत असतं आणि एक लांब तंतू आत ऊतीत शिरलेला असतो. आपला मेंदूही गर्भात यांच्यापासूनच घडतो, पण जन्मानंतर त्यातल्या बहुतेक संपतात किंवा ॲस्ट्रोसाइट (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) होतात. माशात त्या आयुष्यभर राहतात. प्रौढ झेब्राफिशच्या मेंदूत नव्या पेशी बनवणारे 16 भाग मोजले गेले आहेत. उंदरात मुख्यतः दोनच.

प्रयोग असा करतात. बेशुद्ध केलेल्या माशाच्या नाकपुडीतून बारीक सुई पुढच्या मेंदूच्या एका बाजूत घालतात. दुसरी बाजू तुलनेसाठी शाबूत ठेवतात. पहिल्या काही तासांत मेलेल्या पेशींभोवती मायक्रोग्लिया (मेंदूतल्या संरक्षक पेशी) जमतात, पुढच्या दोन-तीन दिवसांत जखमी बाजूच्या रेडियल ग्लियाचं विभाजन जोरात वाढतं आणि काही आठवड्यांनी काप काढला तर सुईची वाट शोधावी लागते. माशाला बीआरडीयू हे रसायन दिलं की ते विभागणाऱ्या पेशींच्या डीएनएत शिरतं. नंतर त्याच पेशीत चेतापेशीचं प्रथिनही सापडलं, तर ती इजेनंतर जन्मलेली चेतापेशी, हे नक्की. मात्र तिची आई कोण, हे यातून कळत नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मायकेल ब्रँड यांच्या गटाने 2011 मध्ये रेडियल ग्लियावर कायमची जनुकीय खूण करून ते दाखवलं. खूण नव्या चेतापेशींत उतरली. त्या तीन महिन्यांहून जास्त जगल्या आणि त्यांच्यावर इतर चेतापेशींच्या जोडण्याही (सिनॅप्स) आल्या.

खरी गंमत त्याच गटाच्या 2012 च्या कामात आहे, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा गाभाही तिथेच आहे. सुईने इजा करण्याऐवजी त्यांनी यीस्टच्या पेशीभित्तीतला झायमोसान हा पदार्थ मेंदूत सोडून नुसता दाह निर्माण केला. तेवढ्यानेही रेडियल ग्लिया विभागू लागल्या आणि नव्या चेतापेशी आल्या. उलट इजा करून औषधाने दाह दाबला, तर विभाजन घटलं. दाहाचा संदेश नेणारा ल्युकोट्राइन सी4 हा एकच रेणू दिला, तरी विभाजन सुरू झालं. (दम्यावरचं मॉन्टेल्युकास्ट माणसात ल्युकोट्राइनच्या ज्या ग्राहीला (रेणू पकडणाऱ्या प्रथिनाला) अडवतं, तिचंच माशातलं रूप रेडियल ग्लियावर आहे.) म्हणजे माशात जखमेचा दाह हीच दुरुस्तीची हाक असते. त्या हाकेने रेडियल ग्लियात गाटा3 हे जनुक चालू होतं. ते अडवलं की नव्या चेतापेशी घटतात.

दाह नुसता सुरू होऊन भागत नाही, तो वेळेत शमावाही लागतो. माशात शमतो आणि कायमचा व्रण उरत नाही. आपल्याकडे तो रेंगाळतो, नव्या चेतापेशींना मारक ठरतो आणि ॲस्ट्रोसाइट व्रण तयार करतात. त्या व्रणाला सरसकट शत्रू म्हणू नये, नुकसान आजूबाजूला पसरण्यापासून तोच रोखतो. म्हणून आपल्यात नुसत्या मूळपेशी घालून काम होईल, या कल्पनेशी मी सहमत नाही. पेशी घातल्या तरी भोवतालचं वातावरण तेच राहतं.

माशाचीही मर्यादा आहे, आणि ती फार कमी जण सांगतात. लहान माशाचा अनुमस्तिष्क (हालचालींचा तोल सांभाळणारा मेंदूचा मागचा भाग) बऱ्यापैकी सगळ्या प्रकारच्या पेशी पुन्हा तयार करतो, पण प्रौढ माशात तिथल्या दोन प्रकारच्या चेतापेशींपैकी ग्रॅन्युल पेशी परत येतात आणि पर्किंजे पेशी फारशा येत नाहीत. कारण पर्किंजे पेशी बनवणाऱ्या मूळपेशीच तोवर संपलेल्या असतात.

सस्तन प्राण्यांत सगळ्यात पुढे गेलेलं काम मला दृष्टिपटलातलं वाटतं. माशात तिथल्या म्युलर ग्लिया (दृष्टिपटलातल्या आधारपेशी) एएससीएल1ए जनुक चालू करून नव्या चेतापेशी देतात. सिॲटलच्या टॉम रेह यांच्या गटाने 2017 मध्ये प्रौढ उंदराच्या म्युलर ग्लियात हेच जनुक चालू केलं, जोडीला डीएनएची घट्ट गुंडाळी सैल करणारं औषध दिलं आणि इजा केली. काही ग्लियांच्या चेतापेशी झाल्या, जुन्या पेशींशी जोडल्या गेल्या आणि प्रकाशाला प्रतिसादही देऊ लागल्या. पण त्या पटलाच्या आतल्या थरातल्या होत्या. मॅक्युला (दृष्टिपटलाचा मधला भाग) झिजून दृष्टी जाते तेव्हा मरतात त्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी, आणि त्या मिळवणं हे या वाटेवरचं पुढचं अवघड काम आहे.