काळी खपली ओढू नकोस

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या केन्सिंग्टन या नशेसाठी बदनाम वस्तीत तू जखमांच्या पथकात रुजू होतेस. तिथल्या नशा करणाऱ्यांच्या जखमा आपल्याकडच्या गर्दवाल्यांच्या जखमांपेक्षा वेगळ्या म्हणजे नक्की कशा, असं तू विचारलंस. आपल्या वॉर्डात तू पाहिलीस ती बहुतेक गळवं होती. मळकी सुई, एकच शीर पुन्हापुन्हा टोचलेली, मग सूज, पू आणि ताप. चीर दिली, पू काढला, अँटिबायोटिक दिलं की जखम वळणावर यायची. तिथली जखम अशी वागत नाही, कारण तिचं मूळ जंतूंत नसतं. ते मालातल्या भेसळीत असतं.

ही भेसळ म्हणजे झायलाझिन. १९६२ साली जर्मनीत बायर कंपनीने तयार केलेलं हे जनावरांच्या गुंगीचं औषध. आपल्याकडे गुरांचे डॉक्टर ते रोज वापरतात आणि बिबट्या पकडताना डार्टमध्ये केटामिनबरोबर हेच असतं. माणसासाठी त्याला मंजुरी नाही. प्युर्टो रिकोत ते आधी हेरॉइनमध्ये आलं, तिथले लोक त्याला 'घोड्याची भूल' म्हणत. मग फिलाडेल्फियात फेंटॅनिलमध्ये, म्हणजे हेरॉइनपेक्षाही कितीतरी तीव्र अशा कृत्रिम अफूमध्ये, मिसळू लागलं. फेंटॅनिलची नशा लवकर उतरते, झायलाझिनने गुंगी लांबते आणि ते स्वस्तही पडतं. रस्त्यावर या मिश्रणाला 'ट्रँक' म्हणतात. एप्रिल २०२३ मध्ये व्हाइट हाउसने ते 'उद्भवता धोका' म्हणून जाहीर केलं, पण केन्सिंग्टनमधले पाय त्याच्या बरेच आधीपासून सडत होते.

जखम सुरू होते ती जांभळट ठिपक्यांनी किंवा लहान फोडांनी. मग ते एकमेकांत मिसळतात आणि वर चामड्यासारखी काळी, कडक खपली धरते. जागा बहुतेक नडगी आणि कोपराखालचा हात. सुई जिथे टोचली त्यापासून लांबही जखम उठते, आणि नुसतं ओढणाऱ्याला किंवा हुंगणाऱ्यालाही होते. म्हणून 'मी टोचत नाही' असं कुणी सांगितलं तर त्याला खोटं पाडू नकोस. झायलाझिनमुळे त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, नाडी आणि रक्तदाब उतरतो, कातडीला रक्त पुरत नाही, ही त्यावरची सगळ्यात पटणारी मांडणी. त्यात माणूस तासन्‌तास एकाच कुशीवर किंवा पाय दुमडून गुंगीत पडलेला असतो, त्या दाबाचीही भर पडते.

आता ड्रेसिंग. सोडवण्याच्या अर्धा तास आधी दुखणं कमी करायचं औषध दे. चिकटलेलं गॉज ओढायचं नाही, सलाइनने दहा मिनिटं भिजू दे, आपोआप सुटतं. धुवायला सलाइन किंवा साबण आणि साधं पाणी पुरतं. पेरॉक्साइड आणि स्पिरिट बंद. जखम स्वच्छ झाल्याचं समाधान तुला मिळतं, पण मरतात त्या नव्याने धरलेल्या पेशी. खपली कोरडी, घट्ट असेल आणि आजूबाजूला लाली नसेल तर ती राहू दे. ओढून काढलीस तर खालून रक्त येतं, माणूस कळवळतो आणि पुन्हा तुझ्याकडे फिरकत नाही. मऊ करायची असेल तर वैद्यकीय मध लाव, किंवा मेलेली कातडी विरघळवणाऱ्या कोलाजनेज मलमाचा साधारण दोन मिलिमीटरचा थर. कोलाजनेजबरोबर चांदीचं किंवा आयोडीनचं काही लावू नकोस, त्याने ते एन्झाइम निकामी होतं. कडा सुटून उचलल्या की तेवढ्याच कात्रीने काप. खाली पांढरी चकचकीत दोरी दिसली तर तो स्नायूबंध आहे. त्याला कात्री लावायची नाही आणि कोरडाही पडू द्यायचा नाही, सुकला की तो मरतो.

जखमेवर व्हॅसलिन गॉज, त्यावर पाणी शोषणारं जाड पॅड, मग रोलर बँडेज, पायाला नेहमी बोटांकडून वर. भोवतीच्या चांगल्या कातडीला झिंक ऑक्साइड किंवा व्हॅसलिनची कड दे, नाहीतर पाझराने ती भिजून फाटते. चिकटपट्टी कातडीवर नको, बँडेजवर लाव. रोज बदलता आलं तर उत्तम, दिवसाआड चालेल. पण ज्याला रात्री झोपायला जागा नाही तो तुझं वेळापत्रक पाळेल असं धरून चालू नकोस. तीन दिवसांचं सामान पिशवीत घालून दे आणि त्याच्याच हातांनी एकदा करवून घे.

वास येतो, पिवळा बुळबुळीत थर आहे, कातडी काळी आहे, एवढ्यावरून अँटिबायोटिक सुरू करू नकोस. नवे डॉक्टर इथेच चुकतात. पसरत जाणारी लाली, गरमपणा, पू, ताप, वाढतं दुखणं असेल तरच. बोटाखाली कातडी करकरली किंवा जखमेच्या मानाने दुखणं भलतंच जास्त असलं तर त्याच तासाला सर्जनकडे. हाड उघडं दिसत असेल तरी पाठव. धनुर्वाताची लस विचार, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीची तपासणी सुचव. दर आठवड्याला शेजारी पट्टी ठेवून, विचारून फोटो घे, कारण जखम भरतेय की नाही ते रोज बघणाऱ्याला कळत नाही. आणि नशा चालू असतानाही या जखमा भरतात, हे त्यांना आवर्जून सांग. 'आधी सोड, मग बघू' असं कुणी म्हणालं की माणूस पायासकट जातो.

लोक दवाखान्यातून पळतात ते जखमेमुळे नाही, टर्कीमुळे, म्हणजे नशा तुटल्यावर होणाऱ्या त्रासामुळे. सर्जन येईपर्यंत सहा तास गेले आणि तो त्रास शमवणारं मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन दिलं नाही, तर तो सलाइन ओढून निघून जाणारच. म्हणून खाटेवर घेतलं की पहिला प्रश्न जखमेचा नको, शेवटचं कधी घेतलं हा विचार. २०२४ पासून तिथे झायलाझिनची जागा बऱ्याच प्रमाणात मेडेटोमिडिन हे जनावरांच्या गुंगीचं दुसरं औषध घेतंय. त्याची टर्की वेगळीच. काही तासांत रक्तदाब आणि नाडी भडकते, अंग थरथरतं, उलट्या थांबत नाहीत. हे दिसलं की ड्रेसिंग तसंच गुंडाळ आणि इमर्जन्सीत ने, त्यांना आयसीयू लागू शकतं.

कुणी निपचित पडलेलं दिसलं तर नॅलोक्सोन, म्हणजे अफूच्या नशेवरचा उतारा, दे. झायलाझिनवर ते चालत नाही, पण सोबतच्या फेंटॅनिलवर चालतं. बघायचा तो श्वास. दोन-तीन मिनिटांत श्वास नीट सुरू झाला आणि माणूस तरीही झोपलेलाच असला, तर आणखी डोस मारत बसू नकोस. कुशीवर वळव, अंगाखाली दबलेला हात-पाय मोकळा कर आणि शेजारी थांब. श्वास नसेल तर तोंडाने दे. ॲम्ब्युलन्स दोन्ही वेळी.

तिथल्या बातम्यांत या लोकांना 'झोंबी' म्हणतात. तो शब्द तुझ्या तोंडी येऊ देऊ नकोस, चेष्टेतही नाही.

जाताना बॅगेत सैल सुती मोजे ने, जितके मावतील तितके. तिथल्या थंडीत ओला मोजा तासाभरात पायाच्या ड्रेसिंगची वाट लावतो, आणि गॉजपेक्षा आधी संपतात ते मोजेच.

तुझी,
सिस्टर