लाकडाच्या लेथसाठी पहिला चक कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की 12 इंची छोटा लेथ घेऊन तीन महिने झाले, लाटणी आणि पटाशीचे दांडे जमायला लागले. आता वाटी करायची आहे, आणि त्यासाठी लागणारा चक, म्हणजे लेथवर फिरणारं काम पकडून ठेवणारा भाग, ओळखीच्या वर्कशॉपमध्ये स्वस्तात मिळतोय: लोखंडकामाचा जुना थ्री-जॉ, म्हणजे तीन जबड्यांचा. तो कृपया घेऊ नका.

तो चक गोल सळई धरायला बनलेला असतो. त्याचे जॉ अरुंद असतात. लोखंडाला तेवढी पकड पुरते, पण लाकूड त्या तीन रेघांवर चेपतं आणि थोड्या वेळाने सैल पडतं. दुसरी गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. जॉ मोठे उघडले की पायऱ्यांसारखे चकच्या बाहेर येतात. लोखंडकामाच्या लेथवर कापायचं टूल यंत्रावरच्या पकडीत आवळलेलं असतं, हात लांब असतो. आपल्या कामात टूल हातात, आणि बोटं त्या फिरणाऱ्या जॉपासून दोन-तीन इंचांवर.

तुम्हाला हवा तो लाकडासाठीचा फोर-जॉ स्क्रोल चक. एकच किल्ली फिरवली की चारही जॉ एकत्र सरकतात आणि काम आपोआप मध्यावर येतं. दुकानात नुसतं ‘फोर-जॉ’ म्हणालात तर लोखंडकामाचा, प्रत्येक जॉ वेगळा फिरवायचा चक पुढे करतील. तो नको.

ब्रँड ठरवण्याआधी स्पिंडलचे, म्हणजे चक ज्यावर बसतो त्या फिरणाऱ्या दांड्याचे आटे मोजा. व्हर्नियरने बाहेरचा व्यास घ्या आणि एका इंचात किती आटे बसतात ते मोजा. छोट्या लेथवर बहुधा 1 इंच, 8 आटे असतात. मोठ्या लेथवर बऱ्याचदा एम 33 (व्यास 33 मिमी), पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर 3.5 मिमी. काही लहान यंत्रांवर पाऊण इंच, 16 आटेही असतात. आटे जुळले नाहीत तर कितीही चांगला चक टेबलावरच पडून राहतो. शक्य असेल तर इन्सर्टवाला चक घ्या. त्यात आट्यांचा भाग वेगळा असतो. उद्या मोठा लेथ घेतलात तर फक्त इन्सर्ट बदलायचा.

न्यूझीलंडचा नोव्हा, ब्रिटनचा रेकॉर्ड पॉवर, ऑस्ट्रेलियाचा विकमार्क, कॅनडाचा वनवे हे सगळे भरवशाचे. तुमच्या लेथला साधारण 100 मिमीची बॉडी पुरे. त्याहून जड चक लावून छोट्या बेअरिंगवर भार टाकू नका. किल्लीने आवळायचा घ्या, दोन दांड्यांचा नको. दांड्यांना दोन्ही हात लागतात, मग लाकूड कोण धरणार?

जॉचे पाच-सहा सेट एकदम घेण्याचा मोह होईल. फक्त 50 मिमीचे घ्या. 150 मिमीच्या आसपासच्या वाट्या त्यावर वर्षभर होतील.

आता खरी गोष्ट, आणि ही मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो: वाटी चकच्या किमतीवर टिकत नाही, टेननवर टिकते. टेनन म्हणजे वाटीच्या तळाशी आपण सोडतो तो गोल उंचवटा. जॉ आधी एक अखंड कडं म्हणून कातलेले असतात, मग करवतीने त्याचे चार तुकडे करतात. म्हणून करवतीने खाल्लं तेवढी, म्हणजे दोन-तीन मिमीची फट जॉंमध्ये असते तेव्हाच ते पूर्ण गोल होतात आणि सगळीकडून सारखे टेकतात. त्याहून जास्त उघडले की फक्त कोपरे रुततात. टेनन त्या मापाचा करा. व्यास वाटीच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश, लांबी 6-7 मिमी, आणि बाजूला जॉसारखाच डव्हटेलचा उतार, म्हणजे मुळाशी किंचित अरुंद.

माझी दुसरीच वाटी, आंब्याच्या लाकडाची, आतून कोरताना उडाली आणि समोरच्या भिंतीवर आदळली. चक घट्ट आवळलेला होता. चूक टेननमध्ये होती: तो जॉच्या खोलीपेक्षा लांब झाला होता आणि चकच्या तळाला टेकला होता, त्यामुळे वाटीचा खांदा, म्हणजे टेननभोवतीचा सपाट भाग, जॉच्या माथ्यावर बसलाच नव्हता. लाकडाला आधार मिळतो तो त्या खांद्यावर. तेव्हापासून आवळण्याआधी मी खांदा आणि जॉ यांच्यामध्ये उजेड दिसतो का ते पाहतो. दिसला तर काढून टेनन कमी करतो.

उलटी पद्धतही आहे: तळाला खोबण करून जॉ आत घालून उघडायचे. ती सुरुवातीला टाळा. खोबणीची भिंत पातळ राहिली तर लाकूड रेषेत उभं चिरतं, आणि बाभूळ किंवा शिसवासारखं कडक लाकूड चिरण्याआधी काही इशारा देत नाही.

चक येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. लेथबरोबर आलेली फेसप्लेट, म्हणजे स्पिंडलवर बसणारी भोकांची लोखंडी चकती, वाटीच्या तोंडाकडून चार जाड स्क्रूंनी बसवा, बाहेरचा आकार आणि टेनन करून घ्या. स्क्रूंची भोकं नंतर आत कोरताना निघून जातात. बाहेरचं काम चालू असेपर्यंत टेलस्टॉक, म्हणजे समोरून टेकू देणारा लेथचा सरकता भाग, मागे घेऊ नका, फेस शील्ड लावल्याशिवाय लेथ चालू करू नका, आणि किल्ली चकमध्ये राहिली नाही ना हे हाताने चाचपून पाहा.

आटे मोजलेत की व्यास आणि आट्यांची संख्या खाली लिहा. कुठला इन्सर्ट लागेल ते सांगतो.