तुमचे प्रश्न : बर्फाचाही वाफसा बघावा लागतो

प्रश्न : सर, आम्ही पाच मित्र एप्रिलच्या शेवटी उत्तराखंडात १३ हजार फुटांवरच्या एका खिंडीच्या ट्रेकला निघालोय. तेव्हा सोलापुरात ४२ डिग्री असतं, तिकडे पण कडक ऊन असणार, मग ॲव्हलांचची (उतारावरचा बर्फ सुटून खाली कोसळायची) भीती संपलेली असते ना? आणि धोका आहे की नाही हे आपलं आपल्याला कळतं का?
- एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नाही रे, संपलेली नसते. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममधे गंगटोक-नथुला रोडवर ७ पर्यटक ॲव्हलांचमधे गेले, आणि ते काही शिखर चढायला गेले नव्हते. उन्हाळ्याच्या तोंडावर धोक्याची जात बदलते एवढंच. हिवाळ्यात बहुतेक वेळा वाऱ्याने किंवा नव्या बर्फाने तयार झालेला थर खालच्या कच्च्या थरावरून सुटतो, आता मात्र ऊन बर्फ वितळवतं, ते पाणी आत मुरतं आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. रात्री आभाळ स्वच्छ असेल तर तेच पाणी गोठून वरचा थर दगडासारखा होतो, पण रात्रभर ढग असले तर गोधडी पांघरल्यासारखी ऊब आत राहते, बर्फ गोठतच नाही, आणि अशा दिवशी पहाटे ५ वाजता सुद्धा उतार भरवशाचा नसतो.

आता तुझा दुसरा प्रश्न. आपल्याकडे ज्वारी पेरायच्या आधी माणूस काय करतो? काळ्या रानात पाय टाकून बघतो, मूठभर माती दाबून बघतो, वाफसा आलाय का ते. बर्फाचंही तसंच कर. बूट नुसता उमटतोय, तर ठीक. घोट्यापर्यंत रुतायला लागला की परतायची वेळ झाली, आणि गुडघ्यापर्यंत गेलास तर वेळ टळून गेलीय. मग मुठीत घेऊन दाब, नुसता गोळा झाला तर बर्फ ओलसर आहे, बोटांमधून पाणी निघालं तर त्या उतारावर आणि त्याच्या खाली सुद्धा थांबायचं नाही. वरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप गडगडत येताना दिसले तर फोटो काढत बसू नका, उतार सुटायला लागल्याची ती खूण आहे.

मी स्वतः एका मे महिन्यात सकाळी ११ला मांडीपर्यंत रुतलो होतो, पहाटे त्याच वाटेवर बुटाची टाच मारून पायरी करावी लागली होती, सहा तासांत एवढा फरक! गाइडने तिथूनच फिरवलं, खिंड अर्ध्या तासावर दिसत होती, फार वाईट वाटलं होतं, पण त्याचं बरोबर होतं.

उताराचा कोन पण बघ. बहुतेक ॲव्हलांच ३० ते ४५ अंशाच्या उतारावर सुटतात. १२० सेंटीमीटरच्या दोन ट्रेकिंग काठ्या घे, एक बर्फावर सरळ उभी धर, दुसरी तिला काटकोनात आडवी लावून टोक चढाकडे कर आणि टोक उताराला टेकेपर्यंत आडवी काठी वरखाली सरकव. उभ्या काठीवर ती जमिनीपासून ७० सेंटीमीटरवर आली तर उतार ३० अंश, त्याच्यावर गेली तर सावध. सूर्य आधी पूर्वेकडचे उतार तापवतो, मग दक्षिणेकडचे, मग पश्चिमेकडचे, म्हणून वाट कुठल्या अंगाने जाते ते आदल्या दिवशीच विचारून ठेवायचं. नवीन बर्फ पडला असेल तर पुढचे एक-दोन दिवस, आणि खास करून त्यावर पडणारं पहिलं कडक ऊन, सगळ्यात वाईट. पायाखाली धप्प आवाज होऊन बर्फ बसला किंवा भेगा पळत गेल्या तर चर्चा नको, आल्या वाटेनेच मागे फिरायचं.

प्रश्न : माझा मुलगा पहिल्यांदाच अशा ट्रेकला चाललाय. मला त्यातलं काही कळत नाही, ट्रेकवाल्यांना फोन करून काय विचारू?
- एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, चारच गोष्टी विचारा. खिंडीच्या दिवशी कॅम्पवरून किती वाजता निघता (पहाटे २-३ सांगितलं तर बरं, ७ म्हणाले तर का ते विचारा), रात्री बर्फ गोठला नाही तर काय करता, हाताशी एक जादा दिवस ठेवलाय का, आणि टीमकडे बीकन (अंगावर बांधायचं, बर्फाखालून सिग्नल देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी), फावडं आहे का. बर्फाखाली अडकलेला माणूस पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर निघाला तर वाचायची शक्यता चांगली असते, नंतर ती झपाट्याने कमी होते, म्हणजे शोधायचं काम सोबतच्या पोरांनाच करावं लागतं, बाहेरून मदत यायला तेवढा वेळच नसतो. त्यामुळे ते सामान वापरायला मुलांना शिकवणार का, हेही विचाराच.