गोल्फपटू अर्नोल्ड पामर तर पेनसिल्वेनियाचा, मग कॅलिफोर्नियाच्या ला किंटामध्ये जिकडेतिकडे त्याचं नाव कसं?

कारण हिवाळा आला की तो वाळवंटात यायचा आणि हे त्याने आयुष्यभर केलं. मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो, डिसेंबर-जानेवारीत आमची एक चक्कर कोअचेला व्हॅलीत ठरलेली (पाम स्प्रिंग्ज, रँचो मिराज, इंडियन वेल्स, ला किंटा ही सगळी गावं तिथलीच), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९६० ला तिथे गोल्फची एक मोठी स्पर्धा सुरू झाली, पाच दिवस, रोज १८ असे ९० होल्स, पुढे ती विनोदी नट बॉब होपच्या नावाने ओळखली जायला लागली. पहिलीच पामरने जिंकली, मग १९६२, ६८, ७१ आणि ७३. ७३ ला तो ४३ वर्षांचा, जॅक निकलस आणि जॉनी मिलर या दोन्ही बड्या गोल्फपटूंना मागे टाकलं आणि पीजीए टूरवरचं (अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांची मालिका) त्याचं ते ६२वं आणि शेवटचं विजेतेपद. तो टीव्हीवर गोल्फ नुकतं घरोघरी पोचायचा काळ, निम्मी अमेरिका बर्फात गारठलेली आणि स्क्रीनवर ऊन, माडासारखी उंच पामची झाडं आणि हा माणूस, मग लोकांना तिथे घर घ्यावंसं वाटणारच ना.

पण मला विचाराल तर खरा ठसा स्पर्धेच्या पैशातून उमटलाय. रँचो मिराजचं आयझेनहॉवर हॉस्पिटल १९७१ ला सुरू झालं, त्याला या स्पर्धेतून वर्षानुवर्षं देणगी गेली. ज्यांचं नाव हॉस्पिटलला आहे ते अमेरिकेचे माजी अध्यक्ष आयझेनहॉवर स्वतः पामरचे गोल्फमधले दोस्त. पामरला १९९७ ला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला, त्यातून तो बरा झाला आणि पुढे त्या हॉस्पिटलमधल्या प्रोस्टेट सेंटरला त्याचं नाव दिलं गेलं.

आणि ला किंटातलं सिल्व्हररॉक हे गोल्फचं मैदान. २००५ ला सुरू झालेलं, डिझाइन पामरचं, मालकी शहराची, म्हणजे क्लबची मेंबरशिप नसलेला माणूसही पैसे भरून खेळू शकतो आणि गावकऱ्यांना स्वस्त. मी तिथे एकदा कडेला नुसताच उभा राहिलो होतो, एक पाय मऊ हिरवळीवर आणि दुसरा रेतीत, मधे शेताच्या बांधाएवढीसुद्धा जागा नाही, आणि समोर सांता रोझाचे उघडेबोडके डोंगर. ऑक्टोबरात गेलात तर हेच सगळं तपकिरी दिसेल, उन्हाळ्यातलं गवत खरवडून थंडीत हिरवं राहणाऱ्या राय गवताचं बी टाकतात आणि काही आठवडे कोर्स बंद ठेवतात.

पाण्याचं मात्र मला टोचतं. मी मूळचा दुष्काळी सांगोल्याकडचा. आणि इथे कोअचेला व्हॅलीत वर्षाला जेमतेम ३-४ इंच पाऊस पडतो, तरी शंभराच्या वर गोल्फ कोर्स, जमिनीतून उपसलेल्या आणि कोलोराडो नदीच्या कालव्याच्या पाण्यावर. हे सगळं एकट्या पामरने केलं नाही, पण हे वाळवंट हिरवं दिसलं पाहिजे ही हौस लोकांना लावण्यात त्याचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

ला किंटात त्याच्या नावाचं रेस्टॉरंट आहे, बाहेर चेंडू हलकेच होलमध्ये ढकलायच्या सरावाची छोटी हिरवळ (पटिंग ग्रीन), आत भिंतीभर फोटो. आईला तिथे घेऊन गेलो होतो, तिच्यासाठी थंड चहा आणि लिंबू सरबत एकत्र केलेलं ते 'अर्नोल्ड पामर' मागवलं (पाम स्प्रिंग्जच्या बारमध्ये तो असं मागवायचा, ते ऐकून शेजारच्या बाईने तसंच मागितलं आणि नाव पडलं, असं तो स्वतःच सांगायचा). चहात लिंबू म्हटल्यावर आईने तोंड वाकडं केलं, एक घोट घेतला आणि मग माझाही ग्लास स्वतःकडे ओढला.