मेडिकल टाका, पण काउंटरवर स्वतः उभे राहणार असाल तरच

डी.फार्म झालंय, घोडबंदर रोडला मेडिकल टाकायचंय, पण ऑनलाइनवाले २० टक्के डिस्काउंट देतात, मग आपला टिकाव लागेल का, असं तुम्ही विचारलंय. डिस्काउंटमध्ये त्यांच्याशी लढू नका, हराल. किंमत नियंत्रणातल्या औषधांवर आपल्याला १६ टक्के मार्जिन, बाकीच्यांवर साधारण २०. त्यातूनच भाडं, पगार आणि एक्सपायरीचा माल भागवायचा. २० टक्के सोडायचे कुठून?

पण गिऱ्हाईक फक्त स्वस्ताईसाठी येतं, हे मला मुळीच मान्य नाही. माझं मेडिकल कळव्यात आहे. ओळखीतला एक मुलगा आईच्या तोंडात फोड आलेत म्हणून जेल मागायला आला. मी विचारलं, आई आणखी कुठल्या गोळ्या घेतात? म्हणाला, संधिवाताच्या, रोज एक. घरून फोटो मागवला तर मेथोट्रेक्झेट. ही गोळी संधिवातावर आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘दर रविवारी’ असं स्वच्छ लिहिलं होतं. गोळ्या घेतल्या त्या दुकानातल्या पोराने मात्र पाकिटावर पेनाने ‘रोज १’ लिहून दिलं होतं. रोज घेतली तर पांढऱ्या पेशी पडतात, तोंड सोलवटतं, जीवही जाऊ शकतो. जेल मी दिलंच नाही. म्हटलं, आजची गोळी देऊ नकोस आणि डॉक्टरांना फोन लाव, इथेच, माझ्यासमोर. त्याच संध्याकाळी काकूंना ॲडमिट केलं. पेशी खरोखरच खाली आल्या होत्या. सुदैवाने त्या बऱ्या होऊन घरी आल्या.

माझे दीर अजूनही म्हणतात, “वहिनी, फार्मासिस्ट लागतो तो लायसन्सपुरता. सर्टिफिकेट भिंतीवर लावा आणि घरी मुलांकडे बघा. डबे काय, बारावी झालेलं पोरगंही काढून देईल.” भावोजी, त्या दुकानात डबे काढून देणारं पोरगंच होतं.

तुमच्याकडेही कुणीतरी येईल, त्याच्या दुकानाला फार्मासिस्ट म्हणून नुसतं नाव लावायचे महिन्याला इतके देतो म्हणत. नाव देऊ नका. चिठ्ठीवरचं औषध फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं, हा नियम कुणाच्या तरी आईसाठीच केलेला आहे. चिठ्ठीशिवाय सेफिक्झिमसारखं अँटिबायोटिक मागणारे रोज भांडतील, “मागच्या वेळी तर दिलं होतं” म्हणतील. तरी द्यायचं नाही. एच१चं, म्हणजे कायद्यातल्या जास्त कडक यादीतलं, औषध दिलं की रजिस्टरमध्ये डॉक्टर आणि पेशंट दोघांची नावं लिहायची, रजिस्टर तीन वर्षं जपायचं. भांडणारा समोरच्या दुकानात जातो. जाऊ दे. बीपी-शुगरची महिन्याची औषधं नेणारी घरं तुमच्याकडे टिकली की दुकान चालतं.

अर्थात माझा गाळा स्वतःचा आहे. घोडबंदरचं भाडं भरून हे कितपत जमेल, तो हिशेब तुम्हालाच मांडावा लागेल. गाळा १० चौरस मीटरपेक्षा लहान असेल तर किरकोळ विक्रीचं लायसन्स मिळत नाही, तेव्हा डिपॉझिट देण्याआधी आतून मोजून घ्या. आणि सुरुवातीला स्टॉकिस्ट, म्हणजे घाऊक विक्रेते, स्कीम दाखवून एकेका औषधाचे ढीगभर डबे गळ्यात मारू बघतील. दोनच घ्या. एक्सपायरीचा माल परत घ्यायची वेळ आली की तीच माणसं फोन उचलत नाहीत.